तांबड्या पाडीचं लोढणं

आप्पा, गुंद गावातल्या आपल्या तांबड्या पाडीच्या गळ्यातलं लोढणं तुम्ही नेमकं काय बघून काढलंत, हे विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज कारवारला कोर्टाच्या आवारात बसून मला तेच सुचतंय. भलती ओढाळ पाडी ती. दोनदा शेजाऱ्याच्या भातात शिरली, तुम्ही नुसतं हाकलून आणलंत. तिसऱ्यांदा शेजारीच अंगणात येऊन उभा राहिला. पळताना पायात अडकावा म्हणून तिच्या गळ्यात बांधायला तुम्ही किंदळाचा ओंडका घेतलात, मानेशी धरून बघितलात आणि कोयत्यानं तासत बसलात. शेजारी तापला, "तासताय काय? भात काय निम्मंच खाल्लं व्हय तिनं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भात सगळं खाल्लं. खरं मान अजून पाडीचीच हाय न्हवं."

आता माझ्यापुढं सतरा वर्षांचं पोरगं आहे. रामनगरात थांबलेल्या ट्रकांत चोरी करताना दोनदा सापडलं, दोनदा समज देऊन सोडलं. तिसऱ्यांदा त्यानं ड्रायव्हरला सळीनं मारून लुटलं, त्या माणसाचा एक डोळा गेला. मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, हे बाल न्याय मंडळ ठरवणार, आणि सरकारी वकील म्हणून उद्या तशी मागणी करायची मी. ड्रायव्हर सकाळी भेटला. म्हणाला, "पोरगं बारकं हाय म्हणत्यात समदी. बाई, माझा डोळा बारका हुता व्हय?" मग मंडळानं पोराला विचारलं, असं मारल्यावर काय होतं ते कळत होतं का? "व्हय," तो लगेच म्हणाला. कायद्याला हाच 'व्हय' हवा असतो. आणि बाहेर पडताना तो मलाच विचारतो, "बाई, शिमग्याला घरला सोडतील न्हवं?" म्हणजे त्याला काय कळलं होतं आणि काय नाही? दुपारपासून मी तेच घोळवतेय.

दिवाळीच्या पाडव्याला गुरांना माळा घातल्या, तेव्हा पाडीच्या गळ्यात लोढणं नव्हतं. ती शहाणी झाली म्हणून काढलंत, की माळ नीट बसावी म्हणून? नंतर ती परत कुणाच्या भातात गेली का, तेही मला आठवत नाही. तुम्ही असता तर "मला काय म्हाईत, वकील तू न्हवं?" म्हणून हसला असता. उद्या मी मोठ्या माणसासारखाच खटला मागणार आहे, त्या डोळ्याची बाजू मांडायला दुसरं कोण आहे? आणि नीट मांडणार, कसूर करणार नाही. तुम्हाला लिहिलेला हा कागद फाईलमध्ये ठेवण्यासारखा नाही, पर्समध्येच राहील. पण आप्पा, मंडळानं माझं म्हणणं फेटाळलं, तर मला बरंच वाटेल.