वजाचं चिन्ह

सोमवार, ४
नवी नोकरी, नवं टेबल, आणि खुर्ची चक्क न करकरणारी! आणखी काय हवं माणसाला? इथे डोक्याच्या आतली चित्रं काढणारं मशीन बनतं. चित्राचं सगळं गणित जुन्या, कंपाइल केलेल्या, म्हणजे यंत्राच्याच भाषेत गोठवलेल्या कोडमध्ये आहे. तो तुफान पळतो आणि कुणाच्या बापाला कळत नाही. साहेबांना तो नव्या, सोप्या स्क्रिप्टमधून वापरायचाय. मधला दुभाष्या, म्हणजे रॅपर, मी लिहायचा. बायको म्हणाली, तुझ्या आईच्या आणि माझ्या मध्ये तू आयुष्यभर तेच केलंस, जमेल तुला.

खरं कारण लिहून ठेवतो. इथे काम करणाऱ्यांच्या मुलांची तपासणी आधी होते. आमची ठमी सात वर्षांची आहे आणि तिला फिट येतात. का येतात, ते अजून कुणालाच सापडलेलं नाही.

गुरुवार, ७
इथली एक रीत आहे. ज्यानं कोड लिहिला, त्याचं किंवा त्याच्या घरच्याचंच डोकं पहिलं मशीनमध्ये. मशीनवाल्या बाई म्हणाल्या, त्यामुळे कुणी हलगर्जीपणा करत नाही. आज मी झोपलो. चित्रात दोन डोकी आली, एक सरळ आणि त्याच्यात मिसळलेलं दुसरं उलटं. बाई म्हणाल्या, दुप्पट अक्कल दिसतेय तुम्हाला.

चूक माझीच. मशीनमधून येणारी प्रत्येक संख्या संमिश्र असते, म्हणजे दोन भागांची जोडी. माझं रॅपर पहिला भाग स्क्रिप्टकडे नेत होतं आणि दुसरा गुपचूप टाकून देत होतं. कुठे चूक झाली म्हणून ओरडलंसुद्धा नाही. दुसऱ्या भागाशिवाय सरळ कुठलं, उलटं कुठलं हे कळायला मार्ग नसतो, म्हणून दोन्ही उमटतात.

सोमवार, ११
आता दोन्ही भाग पोचतात. आज ठमीचं डोकं. चित्र एकदम स्वच्छ आलं, फक्त उलटं, तर मी ते पडद्यावर फिरवून घेतलं. डॉक्टरांना त्यात काहीच वाईट दिसलं नाही. मी बाईंना पेढे— नाही, पेढे कसले, नुसता चहा पाजला.

ठमी मशीनमधून बाहेर आली तेव्हा रडली नाही. माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली. 

शनिवार, १६
या आठवड्यात एकही फिट नाही. बायको भांडी घासता घासता गुणगुणत होती, किती दिवसांनी!

ठमी डाव्या हातानं जेवते आहे. भांग दुसऱ्या बाजूला पाडते. लाड करायचं निमित्त करून तिच्या छातीला कान लावला. ठोके उजवीकडे आहेत.

मंगळवार, १९
सापडलं. जुन्या कोडमध्ये जोडीचा दुसरा भाग वजाचं चिन्ह लावून ठेवलेला असतो. मी तो अधिक धरला. आकडे बरोबर, जोड्या पूर्ण, फक्त चिन्ह उलटं. म्हणून चित्र उलटं आलं, आणि फिरवून घेतल्यावरही डावं-उजवं आरशातल्यासारखंच राहिलं. चित्रच नाही—

बाई म्हणाल्या, आठवडाभर मशीन बंद असतानाही आतून कुरकुर येते, पंखा बिघडला असेल. मी कान लावला. पंखा नव्हता. ठमी होती. मला हाक मारत होती.

बुधवार, २०
बायकोला सगळं सांगितलं. एक चिन्ह बदलायचं, हिला, म्हणजे घरातल्या या उलट्या ठमीला, पुन्हा आत झोपवायचं, की आपली बाहेर येईल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वेड लागलंय का, असं म्हणाली नाही. तिला आधीच कळलं होतं. तिनं एवढंच विचारलं की फिटसुद्धा परत येतील ना. मग म्हणाली, ही पण मला आईच म्हणते.

मला तिचा राग यायला हवा होता. नाही आला.

शुक्रवार, २२
चिन्ह बदललं. हिला नेलं. झोपवलं. हिनं हातपाय झाडले नाहीत. म्हणाली, तिथे अंधार असतो बाबा, मला माहितीये.

माझी बाही धरली होती. आतून हाका चालू होत्या. बटणावर बोट होतं—

चिन्ह पुन्हा होतं तसं केलं. हिला घरी घेऊन आलो. आतली ठमी आमची पावलं ऐकत असणार. मला काहीच वाटत नाही. हाताला चिमटा काढून पाहिला. तो तेवढा लागला.

सोमवार, २५
मशीनमध्ये झोपल्यापासून ठमी बरी झाल्याचं साहेबांच्या कानावर गेलं. उद्यापासून फिट येणारी सगळी मुलं मशीनमध्ये. माझंच रॅपर, आहे तसं. सांगायला तोंड उघडलं. सांगितलं तर ठमीची तपासणी पुन्हा— मिटलं.

मंगळवार, २६
बाकावर आया. मांडीवर मुलं. एकीनं माझा हात धरून विचारलं, तुमची मुलगी खरंच बरी झाली ना. हो म्हणालो.

तिच्या लेकीला बाईंनी आत नेलं. दारातून ती मागे वळली. म्हणाली, काका, आत आधीच कुणीतरी आहे. आणि मी तिला म्हणालो, कुणी नाही गं, झोप तू—