सहापैकी पाच हरलो

अण्णा,

गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना तू मुलींची बेसबॉल टीम माझ्या हाती दिलीस आणि महिन्याने अहवाल पाठव म्हणालास. तो एका ओळीत पाठवला: सहा सामने, पाच पराभव. उरलेलं इथे लिहितेय. हा कागद माझ्याच वहीत राहील.

पहिल्याच सामन्यात रम्याच्या हातून सोपा झेल सुटला. तुझा नियम मला पाठ आहे, झेल सोडला की सीझनभर बाकावर. मी तिला पुढच्या सामन्यात त्याच जागी उभं केलं. तिने पुन्हा सोडला. तिसऱ्यातही तिथेच. बाकीच्या मुलींचे आईबाप भांडायला आले, "अक्का, स्वल्प विचार करा." म्हटलं, सरी, ठीक आहे, केला विचार. ती तिथेच खेळेल.

सहाव्या सामन्यात शेवटचा फटका उंच उडाला, तो तिच्याच दिशेने. तिने धरला आणि आम्ही जिंकलो. नसता धरला, तरी सातव्यात तीच उभी राहिली असती.

एका झेलापायी पाच सामने घालवले म्हणशील. घालवले! बनशंकरीच्या याच मैदानावर माझ्याही हातून एक झेल सुटला होता आणि तू सख्ख्या बहिणीला बाकावर बसवलंस. सीझन संपला, पण मला ऊठ म्हणायला कुणी आलं नाही. सतरा वर्षं झाली.

आता राखीव मुलीसुद्धा उभ्या राहून ओरडतात. गुडघा बरा झाला की बघायला ये. बाक रिकामाच आहे.

तुझीच बहीण,
हर्षिता