जागृतीची हजेरी बंद न करण्याबाबत

प्रति,
मा. तालुका प्राथमिक शिक्षणाधिकारी,
तालुका पंचायत, कुंभारडा (गुजरात).

अर्जदार : वाघजीभाई मेराभाई देकावाडिया, धंदा मीठ पिकवणे, मूळ गाव झांझरवा, हल्ली मुक्काम रण.

विषय : मुलगी जागृती (इयत्ता आठवी) हिला गैरहजर दाखवावे, हा अर्जदाराचाच अर्ज रद्द करून तिचा टॅब चालू ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा मागील अर्ज. २) आपले अभिनंदनपत्र.

महोदय,

दिवाळीनंतर आम्ही रणातल्या मिठाच्या आगरांवर राहायला जातो आणि पोरांची शाळा सुटते. म्हणून सरकारने जागृतीच्या नावे टॅब दिला, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. रणात वीज नाही. खारे पाणी उपसणारा पंप सोलरवर चालतो. दुपारी तो थांबवून टॅब चार्ज करायचा आणि आसपासच्या झोपड्यांतली सगळी पोरे भोवती बसवून जागृतीने शिकवायचे, अशी आमची रीत होती. पंप थांबला की अर्जदार कुरकुर करी. आता पंप दिवसभर चालतो आणि त्याचा आवाज ऐकवत नाही.

सकाळी टॅबसमोर चेहरा धरला की फोटो निघतो आणि आपल्याकडे हजेरी लागते. रेंज फक्त मातीच्या टेकाडावर येते. उतराणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दुसऱ्या दिवशी जागृती टॅब घेऊन हजेरीसाठी टेकाडावर गेली, ती परतली नाही. तिथे गाडीच्या चाकांचे ठसे होते. ते डांबरी रस्त्यापर्यंत गेले आणि संपले.

पोलीस चौकीतल्या साहेबांनी आधी संगणक पाहिला. म्हणाले, "वाघजीभाई, पोरगी घरी बसून रोज हजेरी लावतेय आणि तुम्ही हरवली म्हणून येता? जा घरी, तिला रोटले थापायला लावा." तक्रार घेतली नाही. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे अर्ज केला की मुलगी घरी नाही, तिला गैरहजर दाखवावे, म्हणजे पोलीस तरी हलतील.

त्यावर एकाच टपालाने दोन कागद आले. पहिल्यात जागृतीच्या अखंड हजेरीबद्दल पालकांचे अभिनंदन आहे. दुसऱ्यात, पालकच गैरहजर म्हणत असल्याने तिचा टॅब येत्या शनिवारी कार्यालयातूनच बंद करण्यात येईल, असे कळवले आहे. दोन्हींवर सही आपलीच आहे.

कागद घेऊन अर्जदार पत्नी रमीलासह कार्यालयात आला. लिपिक भाईंनी दया येऊन हजेरीचे फोटो दाखवले. फोटोत जागृतीच आहे, मागे हिरवी भिंत आहे. रमीला तिथेच म्हणाली, "अहो, आपल्या घराला भिंत कधी झाली?" आमची झोपडी गोणपाटाची आहे, साहेब. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात टॅब धरणाऱ्याचा अंगठा दिसतो. तो जाड आहे, पुरुषाचा आहे. हजेरी लागते तोवर पोरीला कोणी शोधत नाही, हे त्या माणसाला पक्के ठाऊक आहे.

फोटोबरोबर ठिकाणही नोंदले जाते, असे भाई म्हणाले. अर्जदाराने ते विचारले. "काका, मुलींची माहिती गुप्त असते. तिची लेखी संमती आणा, लगेच देतो." अर्जदाराला राग आला, पण तो गिळला, कारण सगळे फोटो आपल्याच संगणकात आहेत.

आता टॅब बंद झाला तर त्या माणसाला सुगावा लागेल की कोणीतरी बोलले. मग हजेरीचा उपयोग संपला, आणि ज्या मुलीची हजेरी लावायची नाही तिचे तो काय करील, हे अर्जदाराला लिहवत नाही.

तरी जागृतीला हजरच दाखवावे, टॅब बंद करू नये, फोटोंचे ठिकाण अर्जदाराला नको तर पोलिसांना तरी आजच कळवावे, ही हात जोडून विनंती. मागील अर्ज ही एका अडाणी बापाची चूक समजावी.

आपला नम्र आणि घाबरलेला,
वाघजीभाई मेराभाई देकावाडिया
शुक्रवार, दि. ४ फेब्रुवारी

सोबत : अभिनंदनपत्र, मूळ प्रत परत.

ता. क. : हा अर्ज द्यायला खिडकीशी उभा असताना भाईंनी आज सकाळचा फोटो दाखवला. भिंत तीच आहे, अंगठा तोच आहे. जागृतीचे डोळे मिटलेले आहेत आणि मान कोणीतरी धरून सरळ ठेवली आहे. खाली यंत्राने 'उपस्थित' असे लिहिले आहे.