दुलईवरच्या जगाची वाटणी

मी, माणिक विद्याधर रणदिवे, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार मुलुंड पूर्व, न्यायालयातील निवृत्त दुभाषी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलाशी बसून, डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आणण्याचे प्रयत्न झाले, ते पुढे येतील. डॉ. अस्मिता कुलाबकर यांनी मला तपासून मी शुद्धीवर असल्याचा दाखला दिला आहे. त्यासाठी त्यांनी मला आजची तारीख विचारली. मी तारीख सांगितली आणि दवाखान्यातलं कॅलेंडर मागच्या महिन्यावर थांबलं आहे हेही सांगितलं.

मृत्युपत्रासाठी मी रीतसर वकील गाठला होता. अ‍ॅडव्होकेट सुशांत म्हणाले, "मॅडम, फ्लॅट, ठेवी, दागिने लिहू ना. ते मिठारी-कोरके वगैरे काढून टाका. काल्पनिक मिळकत मृत्युपत्रात शोभत नाही." मी नोकरीभर शपथेवर सांगितलेल्या काल्पनिक गोष्टींचं तोंडी भाषांतर करत आले. त्या तर न्यायालयात शोभल्या. वकीलसाहेबांना त्यांची फी दिली आणि घरी येऊन स्वतः लिहायला बसले.

यापूर्वी मी केलेलं कोणतंही मृत्युपत्र सापडल्यास ते रद्द समजावं.

कलम १. माझ्या मागे निलेश गुणाजी परब याने या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. निलेश म्हणजे तळमजल्यावरच्या शेवंतीचा मुलगा. आज तो पालिकेच्या शाळेत गणित शिकवतो. माझी दोन्ही मुलं त्याचं ऐकतात. एकमेकांचं ऐकत नाहीत.

कलम २. माझे अंत्यसंस्कार विद्युतदाहिनीत व्हावेत. चौथ्या मजल्यावरचे भाऊ तिथे भाषणाला उभे राहिले तर निलेशने त्यांना पाणी द्यावं आणि खाली बसवावं. याच भाऊंनी एकेकाळी सोसायटीच्या सभेत, विषयपत्रिकेत नसताना, सांगितलं होतं की रणदिवेबाई मुलांना देवाची थट्टा शिकवतात. मी काय शिकवत होते ते कलम ५ मध्ये आहे. भाऊंना त्याची एक प्रत द्यावी.

कलम ३. राहता फ्लॅट मुलगा मुकुल आणि मुलगी गंधाली यांना समान हिश्श्याने, कोणत्याही अटीविना. मुलांच्या छपराला अट बांधणारे आईबाप मी साक्षीच्या पिंजऱ्यात फार पाहिले. त्यांच्यातली एक मला व्हायचं नाही. इमारत पुनर्विकासाला गेली तर नव्या घरालाही हेच लागू. बँकेतल्या ठेवीही दोघांना सारख्या. पाटल्या सून श्वेता हिला, मोत्यांच्या कुड्या गंधालीला. माझ्या नणंदेने सत्यनारायणासाठी नेलेलं चांदीचं तबक तिच्याकडेच राहू द्यावं. ते माझं आहे, एवढंच इथे नोंदवते.

कलम ४. माझे दिवंगत यजमान विद्याधर यांची नकाशे काढण्याची पेटी, कंपास, पट्ट्या आणि पेनांसकट, निलेशला. माझे शब्दकोश दिंडोशीच्या न्यायालयात, जिथून मी निवृत्त झाले, तिथल्या नव्या दुभाष्यांना. त्यांनी ते उघडावेत अशी माझी अपेक्षा आहे.

कलम ५. आता मुख्य मिळकत.

मुलं शाळेत असताना, एका मे महिन्यात, मुकुल, गंधाली आणि निलेश यांनी विद्याधरांच्या नव्या कोऱ्या दुलईच्या पांढऱ्या अभ्र्यावर बॉलपेनने एक जग काढलं. नद्या, बेटं, खाड्या, सगळं. मधोमध चहाचा डाग पडला होता, त्याचा डोंगर केला आणि त्याला थोरला म्हणू लागले. विद्याधर पालिकेच्या पाणी खात्यात ड्राफ्ट्समन होते. संध्याकाळी घरी आले, दुलई पाहिली, आणि मला वाटलं आता मुलांची वाट लागली. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "ही नदी डोंगर चढते आहे."

निलेश म्हणाला, "काका, तिचं अजून ठरलेलं नाहीये."

विद्याधरांनी चष्मा पुसला आणि ते दुलईच्या कडेला मांडी घालून बसले. त्या दिवसापासून त्या जगाचं नाव दुलई.

दुलईवर तीन जातींचे लोक राहत आणि जग कसं झालं याबद्दल तिघांचं जमत नसे.

गंधालीचे मिठारी खाडीकाठचे. आमच्या स्वयंपाकघरातून तेव्हा मिठागरं दिसत, तिथून ते आले असावेत. मिठारी सांगत की आरंभी सगळं विरघळलेलं होतं. डोंगर, हरिण, तू, मी, एकाच पाण्यात. कुणी कुणापासून वेगळं नाही, म्हणून कुणाला कुणाची आठवणही नाही. मग एकदा ऊन मावळायचं विसरलं. पाणी उडून गेलं आणि तळाशी जे राहिलं ते आपण. थोरला डोंगर म्हणजे मिठाचा पहिला खडा. मिठारी लोक रडणाऱ्याचे डोळे पुसत नाहीत. तो थोडा माघारी चालला आहे, त्याला जाऊ द्यावं, असं ते मानतात.

मुकुलचे कोरके डोंगरातले. त्यांच्या मते आरंभी सगळा दगडच होता, भरीव, कुठेही फट नाही. त्या दगडाच्या आत एकाला कूस बदलावीशी वाटली. त्याने नखाने कोरलं, तेवढी जागा झाली. जग म्हणजे दगड नव्हे, ती जागा. आकाश हे त्यांचं सर्वांत जुनं कोरीवकाम आणि थोरला म्हणजे त्यातून निघालेला ढिगारा. दोन कोरके भेटले की एक विचारतो, "जागा आहे?" दुसरा म्हणतो, "आहे." दोन खोल्यांत वाढलेल्या पोराला जगाचा आरंभ असाच दिसणार, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

निलेशच्या लोकांना नावच नव्हतं. त्यांचं म्हणणं, जग अजून झालेलं नाही. पडदा वर जायचा आहे. आत रंग लावणं चालू आहे, कोणी राजाचा मुकुट शोधतंय, कोणी पेटी सुरात लावतंय, आणि या गडबडीला आपण आयुष्य म्हणतो. थोरला म्हणजे कुणीतरी रंगमंचावर विसरलेलं सामान. त्याचे वडील गुणाजी कोकणात दशावतारात काम करत, त्याचा हा परिणाम. शेवंती एकदा दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "ताई, ह्यो झील शाळेत तोंड उघडणा नाय, नि तुमच्याकडे येऊन जग बनयता?"

मी तिला आत येऊन बस म्हटलं. माझ्या हातावर काटा आला होता आणि तो मला कुणाला दाखवायचा नव्हता.

मी कॉन्व्हेंटात शिकले. सकाळी सिस्टर सांगत की देवाने जग सहा दिवसांत केलं आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली. संध्याकाळी वडील सांगत की शेषशायी विष्णूच्या नाभीतून कमळ आलं. एकदा मी वर्गात उभी राहून विचारलं, खरं कोणतं? सिस्टर म्हणाल्या, "तू तिथे होतीस? मीही नव्हते. बस खाली." हा मला अपमान वाटला आणि मी तो कित्येक वर्षं जपला. दुलईवर तीन मुलं तीन आरंभ मांडून बसली, कुणी त्यांना सांगितले नव्हते, कुठल्या पुस्तकातून घेतले नव्हते, आणि तिन्हींपुढे मला मान खाली घालावीशी वाटली. तेव्हा सिस्टरांनी मला टाळलं नव्हतं हे उमगलं. त्यांनाही असाच काटा येत असावा.

मुलं आहेत म्हटल्यावर थोरल्यावरून लढाया आल्याच. रोजची आरडाओरड ऐकून मी माझ्या धंद्यातला नियम लावला. दुभाष्याला साक्षीदाराचं म्हणणं पटो न पटो, ते जसंच्या तसं, त्याच्या बाजूला उभं राहून सांगावं लागतं. म्हणून दुलईवर ज्याला लढाई हवी त्याने आधी शत्रूच्या बाजूला जाऊन बसायचं आणि शत्रूच्या जन्माची गोष्ट सांगायची. चेष्टा नाही, काटछाट नाही. ऐकून शत्रूने "हो, हे आमचंच" म्हटलं तरच लढाईला परवानगी.

एका दुपारी गंधालीला थोरला हवा होता. ती तणतणत मुकुलच्या बाजूला जाऊन बसली आणि कोरक्यांची गोष्ट भराभर उरकू लागली. मध्येच तिचा आवाज खाली आला. म्हणाली, "त्याने कोरलं ते आतून. दगड बाहेरून त्याला कधी दिसलाच नाही. म्हणून दगडाला बाहेर आहे की नाही, हे कोरक्यांना माहीत नाही. आणि ते विचारत नाहीत, कारण त्यांना भीती वाटते."

हे मुकुलने कधीच सांगितलेलं नव्हतं. विद्याधरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"हो," मुकुल म्हणाला. "हे आमचंच."

"मग लढाई?"

"कर की."

"नको आता," गंधाली म्हणाली, आणि उठून पाणी प्यायला गेली.

या सगळ्या गोष्टी मी टंकून काढल्या आणि आम्ही घरच्या खर्चाने त्यांचं छोटं पुस्तक छापलं. छापणाऱ्याने मुखपृष्ठावर माझं एकटीचंच नाव घातलं. तेव्हा मी त्याला फैलावर घेतलं होतं. पण त्यामुळे कायद्याने दुलई माझी ठरते, आणि म्हणून हे कलम लिहिता येतं.

मुकुल आता मालिका लिहितो. दोन वर्षांपूर्वी त्याने दुलईवर एका मोठ्या मालिकेचा आराखडा केला आणि माझी संमती घ्यायला रविवारी जेवायला आला. गंधालीही होती. आराखड्यात कोरके खरे ठरले होते. मिठाऱ्यांची गोष्ट त्यांच्या पुजाऱ्यांनी लोकांना फसवण्यासाठी रचलेली होती आणि हे शेवटच्या भागात उघड होणार होतं. निलेशचे लोक नव्हतेच.

"प्रेक्षकाला एक उत्तर लागतं, आई," मुकुल म्हणाला. "तीन-तीन आरंभ दिले तर तो चॅनल बदलतो."

"माझ्या लोकांना तू खोटारडं केलंस," गंधाली म्हणाली.

"अगं, काल्पनिक लोक आहेत यार. कुणाच्या भावना दुखावणार आहेत?"

"माझ्या."

"तू चाळिशीला आलीस, गंधा."

"आणि तू विकायला आलास."

भात तसाच राहिला. मुकुल माझ्याकडे वळून म्हणाला, "तू सही कर. ही बोलेल चार दिवस, मग गप्प बसेल." मी सही केली नाही. गंधाली मात्र गप्प बसली, अजून बसली आहे. भाऊबीजेलाही एकमेकांकडे जात नाहीत. दोघं मला वेगवेगळ्या दिवशी भेटायला येतात आणि दोघं विचारतात, "ती काय म्हणते?" "तो काय म्हणतो?" निवृत्त झाल्यावरही माझी दुभाष्याची नोकरी सुटलेली नाही. मी गेल्यावर ती कोण करणार, याची मला काळजी आहे.

म्हणून ठरवलं, दुलईची रीतसर वाटणी करावी. कोरके मुकुलला, मिठारी गंधालीला, बिननावाचे निलेशला. ज्याने त्याने आपलं जग विकावं किंवा उशाखाली ठेवावं. महिनाभर मी त्या खटपटीत होते. वाटणी होत नाही.

मुकुल, तुझ्या आराखड्याचं पहिलं वाक्य आहे: दगडाला बाहेर आहे का, हे विचारायला आम्ही भितो. त्या एका वाक्यावर निर्मात्यांनी होकार दिला, असं तूच सांगितलंस. ते वाक्य तुझ्या बहिणीचं आहे. तू विसरलास, तीही विसरली. त्या दुपारी ते ऐकणारे विद्याधर गेले, उरले मी.

आणि गंधाली, रडणाऱ्याचे डोळे पुसत नाहीत, हे तुझ्या मिठाऱ्यांचं सगळ्यांत सुंदर वचन, ज्यासाठी तू भांडलीस, ते तुझ्या भावाचं. मैत्रीण गाव सोडून गेली म्हणून तू सकाळपासून रडत होतीस. त्याला तुझ्याशी लढाई हवी होती. तो तुझ्या बाजूला येऊन बसला, तुझी गोष्ट सांगू लागला, आणि मी पदर घेऊन तुझ्याकडे येताना पाहून म्हणाला, "आई, पुसू नकोस. मिठारी पुसत नाहीत. ती थोडी माघारी चालली आहे." तू रडत रडतच म्हणालीस, "हो, हे आमचंच."

निलेशच्या पडद्यामागची पेटी कुणाची आणि मुकुट कुणाचा, हे मी लिहीत नाही. त्याला माहीत आहे.

सबब मी दुलई मुकुल, गंधाली आणि निलेश यांना अविभक्त देत आहे. ज्याला ती विकायची असेल त्याने विकावी, मालिका काढावी, चार पैसे मिळवावेत, माझी ना नाही. पण तिन्ही आरंभ तिच्यात असले पाहिजेत आणि त्यांतला एकही खोटा ठरवता येणार नाही. शिवाय मुकुल आणि गंधाली यांची संमती एकाच रीतीने ग्राह्य धरावी: निलेशसमोर एकाने दुसऱ्याच्या बाजूला बसून दुसऱ्याच्या जन्माची गोष्ट सांगायची आणि ज्याची आहे त्याने ती आपली म्हणून कबूल करायची. तसं न झाल्यास दुलई कुणालाही विकता येणार नाही. घर, ठेवी, दागिने याला बांधलेले नाहीत, हे पुन्हा स्पष्ट करते. मुलांनी हे केलंच पाहिजे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लढाईसुद्धा ते त्यानंतर खुशाल करू शकतात, नियमात बसते.

जग कसं झालं, यावर मला विचाराल तर एवढी साक्ष देते की ते होताना मी तीनदा पाहिलं, माझ्याच दिवाणखान्यात, आणि तिन्ही वेळा ते खरं होतं. भाऊंच्या प्रतीत या वाक्याखाली रेघ मारावी.

मुकुल आणि गंधाली शेजारी बसतील आणि एक सांगेल, दुसरा "हो, हे आमचंच" म्हणेल, तेव्हा ते ऐकायला मी नसेन. मरणाबद्दल माझी तक्रार असलीच तर ही एवढी.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, एकही शब्द न बदलता कायम केला आहे.

(सही) माणिक विद्याधर रणदिवे

आम्हा दोघांच्या देखत माणिकबाईंनी वर सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) डॉ. अस्मिता कुलाबकर, मुलुंड पूर्व
साक्षीदार २: (सही) जयवंत मोहिते, भांडुप

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५