एकटीचा फोटो

बडनेरा

प्रिय सुभद्रा,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील आणि मग चष्मा शोधशील. घाबरू नकोस, अजून चालती-बोलती आहे. बालीहून आल्यापासून गल्लीतल्या बायका ‘इमानात कसं वाटलं वो?’ विचारून विचारून थकल्या, आणि मी मात्र तुलाच काही सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

ऑपरेशनचं तुला ठाऊक आहे. हृदयाची झडप बदलायची, नागपूरला, येत्या सोमवारी. परवा फोनवर मी ‘छोटंसंच आहे’ म्हणाले, कारण हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. छोटं नाही गं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून माझं वय, माझी साखर, सगळं धरून काय होऊ शकतं ते सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात हे अमरावतीच्या टूरवाल्याकडून बालीची दोन तिकिटं घेऊन आले. डॉक्टरांना विचारूनच, चढ चढायचा नाही या अटीवर. ज्या माणसानं अख्ख्या संसारात मला हौसेनं गुरुकुंज मोझरीच्या पुढे नेलं नाही, तो समुद्रापार नेतो म्हणाला, तेव्हा काय समजायचं ते मी समजले.

यांचा कॅमेऱ्याचा नाद तू पाहिला आहेस. रेल्वेची नोकरी पोटासाठी केली, जीव सगळा कॅमेऱ्यात. पण आपल्या माळी समाजात यांचं नाव झालं ते वेगळ्याच कामानं. कुणाच्या घरी कुणी गेलं की दोन-तीन दिवसांत माणूस दारात उभा, ‘चंद्रभानभाऊ, बापाचा एकट्याचा फोटोच नाई घरात, या लग्नातल्यातून काढून द्या.’ मग हे संगणकापुढे बसतात. शेजारच्याचा खांदा पुसतात, कुणाचा पदर पुसतात, मागचा मांडव पुसतात आणि तेरवीच्या आत फोटो मोठा करून देतात. त्याला घालायचा हार आमच्याच मळ्यातल्या शेवंतीचा, मी ओवलेला. येणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच आम्ही ओळखतो, हा फोटोसाठी आला.

या कामातून यांच्या मनात एक भीती बसली आहे. सासूबाईंचा यांनी एकदा हौसेनं, समोर बसवून, छान फोटो काढला होता. दिवाळीच्या आत तोच हार घालून भिंतीवर गेला. त्यानंतर घरच्या कुठल्याच माणसाचा एकट्याचा फोटो यांनी काढला नाही. फोटोवाल्याची बायको मी, आणि पासपोर्टचा तो टिचभर सोडला तर माझा एकटीचा एकही फोटो नाही. इतकी वर्षं माझ्या ते ध्यानातही आलं नाही. दवाखान्यातून परतताना मात्र आलं, आणि मग डोक्यातून जाईना.

बेट म्हटल्यावर मला वाटलं होतं, शांत असेल. शांत कसलं! नुसत्या स्कूटरी, नुसती दुकानं, आणि जो तो फोन पुढे धरून उभा. तिथल्या बायका रोज सकाळी पानाच्या चौकोनी वाट्यांत फुलं घालून दारापुढे ठेवतात, थेट रस्त्याच्या कडेला. आपला झेंडूच होता गं त्यांत. मी वाकून पाहत बसले, तर मागे खट्‌खट्‌ ऐकू आलं. हे माझ्या पाठीचे फोटो काढत होते. पाठीचे काढले, पावलांचे काढले, बांगड्यांचे काढले, वाळूत पडलेल्या माझ्या सावलीचेही काढले. तोंड सोडून तुझी ही शालू सगळी त्या कॅमेऱ्यात आहे.

एका मोठ्या देवळाच्या दरवाजात फोटोसाठी रांग होती. नंबर घेऊन बसायचं, आपल्या शेगावला लोक दर्शनाला बसतात तसं, पण देवाकडे कुणाचंच लक्ष नाही. तिथला फोटोवाला फोनखाली आरसा धरतो आणि फोटोत तळं उमटतं, नसलेलं. ते पाहून हे असे चिडले की विचारू नकोस. ‘हे काय फोटो झाला का? लोकायले उल्लू बनवून राहिला!’ आमचा नंबर आला तेव्हा त्या माणसानं मला एकटीला उभं राहायची खूण केली. मी पदर सारखा करून उभी राहिले, आणि हे धावत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, शाळेच्या कवायतीत राहतात तसे ताठ. ज्या फोटोला नावं ठेवली त्यातच स्वतः घुसले.

संध्याकाळी समुद्रावर मी सरळच म्हटलं, ‘माहा एकटीचा काढा न एक.’ तर म्हणे, ‘काहून? घाई काय हाय? ऑपरेशन होऊ दे, अंगानं भरू दे जराशी, मंग काढू.’ मग कॅमेऱ्याची काच पुसत बसले, कितीतरी वेळ. मला राग आला होता, तो तिथेच विरघळला. या माणसाला किती भीती वाटते आहे, आणि ती मला दिसू नये म्हणून तो एवढा खर्चाचा घाट घालून बसला आहे, हे पाहून मला फार वाईट वाटलं. माझ्यापेक्षा मला त्यांचीच काळजी लागली. आमच्या आकांक्षाच्या लग्नातला तो घोळक्यातला फोटो तुला आठवतो ना, विहीणबाईंच्या खांद्याला खांदा लावून मी उभी आहे तो? माझं काही बरं-वाईट झालं तर हे त्याच फोटोपुढे बसणार. लोकांसाठी हे काम त्यांनी कितीदा केलं. माझ्यासाठी त्यांनी ते करावं, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

आमच्या टोळीत अकोल्याची एक सून होती, हर्षा. गोड पोरगी. परतायच्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं आणि तिच्या फोनवर माझा फोटो काढायला सांगितलं. ती म्हणाली, ‘काकू, जवळून काढू का? चेहरा मोठा येईन.’ म्हटलं, नको बाई, खांदे येऊ दे, आणि चहूकडून जागा सोड. इतकी वर्षं हार घातलेत, चेहरा झाकला गेला की काय दिसतं ते मला माहीत आहे. तिला काही कळलं नाही. तेवढ्यात तिच्या पाठीमागे हे होड्यांचे फोटो काढायला पाण्यात शिरले आणि लाट आली. पँट कमरेपर्यंत भिजली, कॅमेरा डोक्यावर धरलेला, आणि वऱ्हाडीत समुद्राला शिव्या चाललेल्या. मला हसू आवरेना. हर्षानं नेमका तेव्हाच काढला. घरी गेल्यावर तिनं तो मोठा छापून मळ्याच्या पत्त्यावर पाठवला. इतकी चांगली मी कधी दिसत होते, मलाच माहीत नव्हतं.

तो फोटो या पाकिटात आहे, पुठ्ठ्यात घालून. मोबाईलवर पाठवला असता, पण माझा मोबाईल यांच्याच हातात असतो, आणि मला तो यांना आज दाखवायचा नाही. तो तुझ्याकडे ठेव, सुभद्रा. नागपूरहून नीट परतले तर मी स्वतः बार्शीटाकळीला येईन, तुझ्या हातचं खाईन आणि फोटो मागून नेईन. नाही परतले, तर तेरवीची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी ये, हे संगणकापुढे बसायच्या आत तो त्यांच्या हातात दे. म्हणावं, शालूनं तयार करून पाठवला आहे, यातून कुणाला पुसायचं नाही. आणि तुमच्याकडेच पाहून हसते आहे, हेही सांग.

कायमची तुझीच,
शालू