कोरी काच

३ मार्च
एकदाचे पोचलो! सामान अजून खोक्यांत आहे, पण खिडकी उघडली की समोर खाडी, त्यामुळे मी खूश आहे. लेकीला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि मला खालच्या पाणी-तपासणी केंद्रात. तीस वर्षं भिंगाखाली काचा बघितल्यावर सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा नवी नोकरी, म्हणजे हौसच म्हणायची. राहायला वरच्या दोन खोल्या. चार वर्षांच्या नातीने, टिकलीने, जिना मोजला: दहा, दहा आणि तीन. तिला दहापर्यंतच येतं, मग पुन्हा एकपासून.

५ मार्च
काम समजलं. खाडीचं पाणी ना धड गोडं ना धड खारं, त्यात शेतांतलं खत आणि गटारं येऊन मिळतात. शेवाळाची चंगळ. बाटलीत आयोडीनचे थेंब टाकले की ते मरून तळाशी बसतं. मग थेंबभर काचेवर घ्यायचं, भिंगाखाली ओळखायचं आणि मोजायचं. मण्यांच्या माळा दिसल्या तर एक जात. नाण्यांच्या चळतीसारखे धागे दिसले तर दुसरी, ती विषारी. ते वाढले की खाडीत उतरायची बंदी.
दिवसाच्या शेवटी एक काच शुद्ध पाण्याची. तिच्यावर काहीच दिसता कामा नये, म्हणजे आपली हत्यारं स्वच्छ. तिला इथे ‘कोरी काच’ म्हणतात.

११ मार्च
साहेब भला माणूस आहे, पण भलताच घाईचा. म्हणाले, कोऱ्या काचेला शून्य लिहून मोकळं व्हायचं, बघत कोण बसतंय. वहीत वर्षानुवर्षं शून्यच आहेत, माझ्या आधीच्या बाईंच्या अक्षरातही. त्या फार दमायच्या म्हणे आणि एक दिवस न सांगताच गेल्या. मीही शून्य लिहून मोकळी झाले. डोळे चुरचुरत होते.

२८ मार्च
हल्ली जिना चढताना तेविसाव्या पायरीवर जीव नकोसा होतो. लेक म्हणते रक्त कमी असेल, गोळ्या घे. टिकली अंगणात पडली, गुडघा खरचटला. नेहमीसारखी फुंकर घातली, मग आणखी चारदा, कारण तिला मजा वाटायला लागली. रडू पळालं. मी तिथेच पायरीवर बसून राहिले.

९ एप्रिल
आज फजिती झाली. झोपाळलेल्या डोळ्यांनी काचांची अदलाबदल केली. चळतीचे चौदा धागे मोजून झाले आणि मग कळलं, ती कोरी काच होती. वाटलं, धुण्यात हयगय झाली असेल. रोजच्या वहीत शून्यच लिहिलं.

१० एप्रिल
नवी काच, सीलबंद बाटलीतलं पाणी. एकोणीस. आयोडीनचा थेंब सोडला. धागे तपकिरी झाले, पण सरकायचे थांबले नाहीत. मेलेलं शेवाळ सरकत नाही. इतक्या वर्षांत कधी नाही.
साहेबांना सांगितलं. म्हणाले, दोन दिवस रजा घ्या.

१२ एप्रिल
आधीच्या बाईंची वही उलटीकडून उघडली. मागच्या पानावर पेन्सिलीने कोऱ्या काचेचे खरे आकडे: एक, तीन, नऊ, सत्तावीस. खाली एकच ओळ: पाण्यात नाही, माझ्यात आहे.
शिपायाला खोदून विचारलं. त्या बाईंच्या चपला खाडीच्या धक्क्यावर सापडल्या होत्या.

१३ एप्रिल
काच पुसताना मी तिच्यावर तोंडाची वाफ सोडते. तीस वर्षांची सवय. आज वाफ न सोडता पुसली. शून्य.
दुसरीवर वाफ सोडली. एकेचाळीस.
टिकलीचा गुडघा. पाच फुंकरी.
देवा, मी काय करून बसले.

१४ एप्रिल
तोंडाला फडकं बांधलंय. लेकीला सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली, म्हणाली आई, तू किती थकली आहेस गं. टिकलीला तपासून घे म्हटलं, तर म्हणाली ती अगदी छान आहे, हल्ली दुपारीसुद्धा शांत झोपते. पूर्वी मारून मुटकून झोपत नसे.
काल पाण्यात मीठ घालून मागितलं म्हणे तिने. लेकीला हसू येत होतं.

१५ एप्रिल
टिकलीच्या गुडघ्याची खपली पडली. खाली हिरवट. शेवाळ नसेल. जखमा भरताना हिरव्या दिसतात कधी कधी— दिसतात ना?
फार दमलेय. भीतीसुद्धा धड वाटत नाही.

१६ एप्रिल, दुपार
लेक ड्यूटीवर. टिकलीला खेळ म्हणून खाली आणलं. स्वच्छ काच धरली, तिने फुंकर मारली. झाकलीय. भिंगाखाली ठेवलीय.
अजून बघितलं नाही.
शून्य असेल. न बघता लिहून टाकावं शून्य, सगळे तेच करतात—
नाही. बघते.

एक. दोन. तीन.
टिकली खिडकीशी उभी आहे, खाडीकडे तोंड करून. माझ्याबरोबर मोजतेय. तिला भिंग दिसतच नाही तिथून—
सात. आठ. नऊ. माझ्या पुढे गेली.
दहा. आता पुन्हा एक म्हणेल. बाळा, आता एक म्हण—
अकरा म्हणाली. बारा. न अडखळता.
एकेचाळीस. बेचाळीस. आणि टिकली चपला काढून धक्क्याकडे