गुराख्याने संध्याकाळी सांगायचे असते

ओलतेपेस,
मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

ती. नामेलोकताईस,
लेमायानचा सा. न. आपल्या रीतीने डोके पुढे केले आहे, अरुषाहूनच हात ठेव.

हे पत्र बाजाराच्या गाडीबरोबर देतो, कारण फोन टेकडीवरच लागतो आणि तिथे कोणी ना कोणी कान लावून बसलेले असते. आई बरी आहे. तुझी शेळी व्याली, दोन करडे आहेत. मागच्या पत्रात तू ‘आशीर्वाद’ हा शब्द चुकीचा लिहिलास. मी पेन्सिलीने नीट केला.

त्याच शब्दापायी मी अडचणीत आलो आहे. आपल्या चर्चचे नवे पाळक शायो किलिमांजारोकडचे, त्यांना मासाई येत नाही. ते स्वाहिलीत उपदेश करतात आणि मी शेजारी उभा राहून तो मासाईत सांगतो. जूनमध्ये त्यांनी ठरवले की उपासनेच्या शेवटी कोइनेट आजोबांनी आशीर्वाद म्हणायचा नाही, तो पाळकाचाच अधिकार. वीस वर्षे मंडळीचे वडील म्हणून आजोबा काठी उंचावून पाऊस, गुरे, लेकरे मागतात आणि सगळे ओळीओळीला ‘नाइ’, तसेच होवो, म्हणतात. ते बंद, हे मला सर्वांसमोर सांगायचे होते. मी म्हाताऱ्या बायकांकडे पाहिले आणि तोंडातून भलतेच निघाले. म्हणालो, पाळक म्हणतात आजोबांच्या घशाला काही दिवस विश्रांती द्या.

तेव्हापासून घराघरातून आजोबांना मध आणि चरबीचा रस्सा जातो आहे. ते मला भेटले की विचारतात, माझा घसा कधी बरा होणार ते पाळकांना विचार रे, मला तर काही दुखत नाही. पुढेही मी दर रविवारी थोडे मऊ करत गेलो. पाळक हट्टी म्हणाले की मी खंबीर म्हणायचो.

आता १८ तारखेला चर्चचे विभागप्रमुख येत आहेत आणि ते जन्माने मासाई आहेत. आजोबा अजून घरी आशीर्वाद म्हणतात हे पाळकांना कळले आहे. त्या रविवारी ते आजोबांना वडीलपणावरून काढणार आहेत. खरे सांगितले तर अर्धी मंडळी रस्त्यापलीकडच्या तंबूतल्या प्रचारकाकडे जाईल, तो वाटच पाहतो आहे. खोटे सांगितले तर विभागप्रमुख जागच्या जागी पकडतील. मी आजारी पडू का? लगेच कळव.

तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
लेमायान

अरुषा,
शनिवार, १० ऑगस्ट

चि. लेमायानास,
अनेक उत्तम आशीर्वाद. पूर्ण लिहिलाय, तपासून घे.

आजारी पडायचं नाही. आजोबांचा रस्सा कमी आहे का, म्हणून आईने आणखी तुझ्यासाठी ढवळायचा? पत्र वाचून मी मशीनवरच हसले, गिऱ्हाइकाचा काठ वाकडा शिवला गेला. मग मात्र हसू राहिलं नाही. अरे, दोन महिने तिथे उपदेश तू करतोयस. पाळक कडक असतील तर ते मंडळीला कळू दे, आजोबा दुखावले असतील तर ते पाळकांना कळू दे. तू दोघांच्या मध्ये काटेरी कुंपण घालून बसलायस आणि वर म्हणतोस मी मऊ करतो.

रविवारच्या आत दोघांना सांग. पाळक रागावतील, रागावू देत. आजोबांना मी ओळखते. लहानपणी माझ्याकडून त्यांची वासरं हरवली तेव्हा त्यांनी हात उगारला नाही. शेवटची कुठे पाहिलीस, एवढंच विचारलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली होती.

करडांना आईचं दूध पोटभर पिऊ दे. लोभ आहेच, तो तुझ्या चुकांवर ठरत नाही.
ताई

ओलतेपेस,
सोमवार, १९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

शुक्रवारी पाळकांना सांगितले. त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाले की म्हणजे दोन महिने उपदेश तुझा चालला होता, मी नुसता शेजारी खाकरत होतो. येत्या रविवारी शब्दाला शब्द सांग, मग बायबल टेबलावर ठेव आणि तीन महिने मागच्या बाकावर बस. आजोबांकडे गेलो तर ते लांबच्या पाणवठ्यावर गेलेले. ते थेट रविवारीच आले.

विभागप्रमुख पहिल्या खुर्चीत होते. पाळकांनी कागद उघडला. म्हणाले, मी गुराखी आहे, तुम्ही कळप. कळप गुराख्याला वाट शिकवत नाही. आजपासून कोइनेट वडील नाहीत. मी शब्दाला शब्द सांगितले. मग माझे म्हणून सांगितले की घशाची गोष्ट मी रचली होती. नंतर मागचे तीन बाप्ये काठ्या उचलून उभे राहिले.

आजोबाही उठले. मला वाटले, निघाले. पण ते पाळकांसमोर आले आणि म्हणाले, गुराखी म्हणतोस ते बरेच झाले. आमच्याकडे गुराखी म्हणजे मिसरूड न फुटलेले पोर. बायका हसल्या. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, ते पोर संध्याकाळी दाराशी उभे राहते आणि मालकाला सांगते, आज कुठे चारले, कोण लंगडते, कोण मागे राहिले. कळपाचा मालक वर आहे, पण दाराशी त्याने आम्हा म्हाताऱ्यांना बसवले आहे. तेव्हा सांग, नासेरियन कुठे आहे? तीन रविवार तिची जागा रिकामी आहे.

मी तेही स्वाहिलीत जसेच्या तसे सांगितले, ‘पोर’सुद्धा. पाळकांनी बायकांच्या बाजूला पाहिले. नासेरियन कोण हेच त्यांना ठाऊक नव्हते. ते कागदाची घडी घालत राहिले. विभागप्रमुख मध्ये पडले नाहीत. काठ्या उचललेले तिघे हळूच खाली बसले. आशीर्वाद कोणीच म्हटला नाही. मी बायबल टेबलावर ठेवले.

संध्याकाळी आजोबांची क्षमा मागायला गेलो. ते कुंपणाच्या दाराशी उभे राहून परतणारी गुरे न्याहाळत होते. मला म्हणाले, थांब, आधी गुरे. गुरांच्या मागून धुळीत पाळक चालत आले, गुडघ्यापर्यंत पांढरे. नासेरियनचे घर दोन तासांच्या वाटेवर आहे. मी सवयीने पुढे झालो, तर त्यांनी मला हाताने बाजूला केले.

मग ते स्वतः मासाईत बोलले. नासेरियनच्या लेकीने वाटेत शिकवले असणार. नासेरियन सापडली, पाय भाजला आहे, चालता येत नाही. आणखी कोण मागे राहिले ते मला माहीत नाही. एवढेच. त्यात त्यांनी नासेरियनचा पुरुष केला आणि पायाचा खूर. आजोबांनी सगळे ऐकून घेतले, शेवटची गाय आत जाऊ दिली आणि दारातून बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

मी मोजल्या, सहा चुका होत्या. एकही दुरुस्त केली नाही.

मागच्या बाकावरून, पण तुझाच,
लेमायान